हातचा एक

बेरीज शिकवताना आमचे गुरुजी म्हणायचे, सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच खाली, हातचा एक. हा हातचा ठेवायचा कुठे, ते ज्याचं त्याने बघायचं. कुणी पाटीच्या कोपऱ्यात लिहून ठेवी, कुणी बोट मुडपून बसे, मी विसरून जाई. उत्तर चुकलं की गुरुजी कान धरून विचारत, "हातचा कुठे गेला?"

पन्नास वर्षांनी तोच प्रश्न मला उच्च शिक्षण खात्याला विचारायचा आहे. कान हाताला लागत नाही, म्हणून हे सदर.

माझी भाची हातचा एक आहे. कागदावर तिला 'तासिका तत्त्वावरील सहायक प्राध्यापक' म्हणतात, बोलताना 'सीएचबी' आणि स्टाफरूममध्ये 'त्या नवीन मॅडम'. नवीन मॅडमना चार वर्षं झाली. विषय अर्थशास्त्र. नेट आहे, पीएचडी आहे, स्कूटर आहे. यातली रोज उपयोगी पडते ती स्कूटर, कारण सकाळी एक महाविद्यालय, दुपारी दुसरं, मध्ये साडेनऊ किलोमीटर. दर वर्षी सत्र सुरू व्हायच्या आधी तिची मुलाखत होते. समोर तेच प्राचार्य, तेच विभागप्रमुख, बशीत तीच मारी बिस्किटं. प्रश्नही तोच, "शिकवण्याचा अनुभव?" यंदा ती म्हणाली, "सर, इथलाच." अनुभव धरला की नाही ते कळलं नाही, पण बशी पुढे सरकवली.

ती बसते ती जागा आमच्याच सोसायटीतल्या सरांची. सर तिसऱ्या मजल्यावर राहतात. चार वर्षांपूर्वी शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन निवृत्त झाले. जागा तेव्हापासून रिकामी. रिकामी म्हणजे कागदावर रिकामी. वर्गात मुलं असतात, फळ्यावर खडू चालतो, मागणी-पुरवठ्याच्या रेघा एकमेकींना छेदतात. पण पगारपत्रकावर तिथे कुणी नाही. पूर्वी वाड्यात एखादी खोली बंद असायची आणि आतून आवाज यायचे, तसलं हे.

आता हिशेब बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं. आपल्याकडची तासिका ४८ मिनिटांची, म्हणजे १६ तासांच्या २० तासिका. ही झाली एक पूर्ण जागा. ती भरायची नाही असं ठरलं की तिच्या बदल्यात तासिकावाले दोघं घेतात, आणि दर माणशी आठवड्याला ९ तासिकांची मर्यादा असते. नव दुणे अठरा. उरल्या दोन. त्या दोन तासिका कोण घेतं, असं मी भाचीला विचारलं.

"स्वयंअध्ययन," ती म्हणाली. "नवीन शैक्षणिक धोरणात आहे ते."

मानधन तासाला हजाराच्या आसपास. ऐकायला बरं वाटतं. वकील, डॉक्टर तासावर घेतात तसं. फक्त दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, परीक्षेचे दिवस, गणपती, निवडणूक आणि महाविद्यालयाचं स्नेहसंमेलन वजा जाता जे उरतं त्याला गुणायचं, आणि आलेलं उत्तर कधी मिळेल ते विचारायचं नाही. बिलं महाविद्यालयातून सहसंचालकांकडे जातात आणि तिथे थोडी विश्रांती घेतात. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातल्या तासिकांचे पैसे तिला आंब्याच्या दिवसांत मिळाले. "बरं झालं," आमची ताई म्हणाली, "पेटी तरी आली."

तर हा झाला हातचा. आता मुख्य बेरीज.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी ठरवायचं जाहीर केलं आणि २०१६ पासून दर वर्षी यादी लागते. एनआयआरएफ तिचं नाव. तिच्यात विद्यार्थी आणि अध्यापक यांच्या गुणोत्तराला घसघशीत गुण आहेत. पंधरा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असेल तर पैकीच्या पैकी; पन्नासामागेही एक नसेल तर भोपळा. इथवर ठीक. पण अध्यापक म्हणून मोजायचं कुणाला? पूर्णवेळ नेमलेल्यालाच. भाचीच्या वर्गातली ८४ मुलं या भागाकारात येतात. भाची येत नाही. म्हणजे त्या ८४ जणांना अर्थशास्त्र कुणीही शिकवत नाही आणि तरी ती पास होतात. यावरून अध्यापकांच्या दर्जाबद्दल काय समजायचं ते समजा.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२४ च्या यादीत सर्वसाधारण गटात ३७ वं होतं, २०२५ मध्ये ९१ वं. नुसत्या विद्यापीठांच्या गटात २३ वरून ५६ वर. बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू झाले, तेव्हापासून पुणेकरांना आपलं विद्यापीठ पहिल्या दहात आहे असं यादी नसतानाही माहीत होतं. त्यामुळे ५४ पायऱ्या एका वर्षात उतरल्यावर मोठा गलका झाला. अग्रलेख झाले, निवेदनं झाली, आणि बहुतेकांचं पहिलं बोट रिकाम्या जागांकडे गेलं. मला प्रश्न पडला तो वेगळाच. जागा काही एका वर्षात रिकाम्या झाल्या नाहीत. आदल्या वर्षी ३७ वा नंबर लागला तेव्हा त्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं? पण आनंदाच्या दिवशी असले प्रश्न विचारू नयेत, एवढी रीतभात आपल्याला आहे.

गुणोत्तर सुधारायचे दोन मार्ग आहेत. पहिला माणसं नेमण्याचा. तो खर्चिक. दुसरा गुणोत्तरच बदलण्याचा. अभियांत्रिकीला पूर्वी पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८-१९ पासून ते विसामागे एक केलं. साठ मुलांची शाखा, चार वर्षांची मिळून २४० मुलं. काल १६ शिक्षक हवे होते, आज १२ पुरेत. ज्या महाविद्यालयात बाराच होते तिथे आदल्या संध्याकाळी टंचाई होती आणि सकाळी उठून पाहतात तो भरभराट. आमच्या आजीच्या हातखंड्याची आठवण झाली. पाहुणे वाढले की ती डाळ वाढवत नसे, पळी बदलत असे.

कंत्राटी अध्यापकांचंही तसंच. २०१८ च्या नियमात वाक्य होतं की अशा नेमणुका एकूण जागांच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. हे वाक्य वाचून कितीजण गालातल्या गालात हसले असतील! जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदा आला, त्यात ही मर्यादाच नव्हती. वजन वाढलं की माणूस चालायला लागतो, नाहीतर काटा माळ्यावर टाकतो.

'कायम' हा शब्द उच्च शिक्षणात कुठे उरला आहे, याचा मी शोध घेतला. अध्यापकांच्या नावापुढे फारसा नाही. आपल्या राज्यात तो एका धोरणापुरता मानाने मिरवला: 'कायम विनाअनुदानित'. पैसे द्यायचे नाहीत, यालाच तेवढी शाश्वती.

पूर्वी महाविद्यालयात तीन जाती होत्या. अधिव्याख्याता, प्रपाठक, प्राध्यापक. २०१० च्या नियमांनी सगळ्यांना प्राध्यापक केलं. कुणी सहायक, कुणी सहयोगी, कुणी नुसता. नुसता सर्वांत मोठा. तंत्रशिक्षणवाल्यांनी त्यांचं प्रमाणही ठरवून दिलं, एकास दोनास सहा: एक प्राध्यापक, दोन सहयोगी, सहा सहायक. चित्र कसं नेटकं, दिंडीत वीणेकरी एक, मृदंगी दोन, टाळकरी सहा. प्रत्यक्षात दिंडी निघते तेव्हा वीणा 'प्रभारी' माणसाच्या गळ्यात असते, मृदंगाची जाहिरात बिंदुनामावलीत अडकलेली असते आणि टाळकरी तासावर बोलावलेले असतात. शिवाय कंत्राटी, अतिथी, अभ्यागत, मानसेवी असे आणखी कितीतरी. भाचीच्या स्टाफरूममध्ये चहाचे कप यावरून ठरतात. कायमवाल्यांना चिनी मातीचे, कंत्राट्यांना काचेचे, तासिकावाल्यांना कागदी. हा पंक्तिप्रपंच कुणी ठरवून केलेला नाही, शिपायाचं ते स्वतंत्र संशोधन आहे. त्याला कुणीतरी पीएचडी द्यायला हवी.

आणि २०२२ पासून एक नवा पाहुणा पंक्तीला आला आहे, 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'. उद्योग, कला, प्रशासन अशा क्षेत्रात पंधरा वर्षांचा अनुभव असलेला जाणता माणूस. पीएचडीची अट नाही, मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंत असे नेमता येतात. कल्पना वाईट नाही, खरं सांगायचं तर मला आवडते. कुंभार शिकवायला आला तर चाक तरी फिरेल. भाचीलाही आवडली. "अजून अकरा वर्षं काढते, मामा," ती म्हणाली, "मग मी अर्ज करते. विषय, नेमणुकीची वाट पाहणे."

हे सगळं आपल्याकडेच चालतं, असा कुणाचा समज असेल तर त्याने न्यूयॉर्कला जाऊन यावं. कोलंबिया विद्यापीठ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर जिथे गेले, ते. हे विद्यापीठ सांगत असे की आमच्याकडे सहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक आहे आणि ८२.५ टक्के वर्ग विसाहून कमी मुलांचे आहेत. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या क्रमवारीत त्याचा नंबर दुसरा होता. २०२२ च्या फेब्रुवारीत मायकेल थॅडियस नावाच्या गृहस्थांनी हे आकडे तपासायला घेतले. गृहस्थ बाहेरचे नव्हते, त्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. माहितीचा अधिकार नाही, मोर्चा नाही, उपोषण नाही. विद्यापीठाचंच वर्गांचं वेळापत्रक उघडून बसले आणि मोजत गेले. लहान वर्ग ६२ ते ६७ टक्क्यांच्या दरम्यान निघाले. गुणोत्तरही सांगितलं तितकं देखणं निघालं नाही. इस्पितळात रुग्णांवर होणारा खर्च शिक्षणाच्या खर्चात धरल्याचं त्यांनी दाखवलं. सगळ्या अध्यापकांकडे आपापल्या विषयातली सर्वोच्च पदवी आहे, हा दावाही टिकला नाही. गंमत म्हणजे पदवी नसलेल्यांत एक नोबेलविजेताही होता. सप्टेंबरमध्ये विद्यापीठाने चूक मान्य केली आणि नंबर दुसऱ्यावरून अठरावा झाला. पुढच्या वर्षी त्यांनी त्या यादीतून अंगच काढून घेतलं.

मला यात थॅडियस यांचं कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणाने. आपल्याच संस्थेचा आकडा खोटा आहे असं जाहीर लिहूनही हा माणूस दुसऱ्या दिवशी वर्गावर गेला. कायमची नोकरी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. तासिकेवरचा माणूस मोजायला बसला असता तर पुढच्या सत्रात त्याला मारी बिस्कीटही मिळालं नसतं.

त्याच कोलंबियात बाबासाहेबांनी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांची व्याख्यानं ऐकली आणि ती जन्मभर त्यांच्या विचारात राहिली. ड्यूई गुणोत्तरात किती धरायचे? एकच. भागाकाराला त्याहून जास्त कळत नाही. आणि तपासणीच्या दिवशी शेजारच्या तालुक्यातून गाडी करून आणलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले, विभागाचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो हेही माहीत नसलेले गृहस्थ? तेही एकच.

अशा गृहस्थांचा एक विक्रम तमिळनाडूत आहे. २०२४ च्या जुलैमध्ये तिथल्या अरप्पोर इयक्कम या संस्थेने याद्या जुळवून पाहिल्या. अण्णा विद्यापीठाशी संलग्न २२४ अभियांत्रिकी महाविद्यालयांत मिळून ३५३ अध्यापक एकाच वेळी एकाहून अधिक ठिकाणी पूर्णवेळ शिकवत असल्याचं निघालं. काही जण तर तब्बल अकरा महाविद्यालयांत. भागवतात रासक्रीडेच्या वेळी प्रत्येक गोपीला वाटे, कृष्ण आपल्याच शेजारी आहे. तो अवतार होता. याला 'सहायक प्राध्यापक' म्हणतात. आपल्याकडे एक माणूस दोन महाविद्यालयांत शिकवतो तरी एकाही ठिकाणी मोजला जात नाही. तिकडे न शिकवता अकरा ठिकाणी मोजला जातो. भाचीला मी म्हटलं, तू चेन्नईला जा.

आता भागाकारातल्या दुसऱ्या बाजूबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर तासिकावाल्यांचा वकील म्हणून माझी नेमणूक व्हायची, तीही तासिकेवर. विद्यार्थी. ते तरी कुठे आहेत? भाचीच्या पटावर ८४. शनिवारी सकाळी सव्वासातच्या तासाला वर्गात ११. म्हणजे शनिवारी तिचं गुणोत्तर एकास अकरा असतं आणि पाऊस असला तर एकास तीन. एकास तीन हे गुणोत्तर एमआयटी आपलं म्हणून सांगते. कोथरूडची नव्हे, मॅसॅच्युसेट्सची. पावसाळ्यात आमचं महाविद्यालय जागतिक दर्जाचं होतं, फक्त तेव्हा कुणी समिती पाठवत नाही.

बाकीची ७३ मुलं कुठे असतात? काही कामावर, काही झोपेत, आणि बरीचशी सदाशिव पेठेत. तिथे स्पर्धा परीक्षेच्या वर्गात एका माणसापुढे काहीशे मुलं बसतात, मागच्यांना सर पडद्यावर दिसतात आणि पहिल्या बाकासाठी पहाटे जाऊन वही ठेवावी लागते. तिथे कुणी गुणोत्तर विचारत नाही. फी विचारतात, ती भरतात आणि हजेरी शंभर टक्के. तिथे शिकवणारेही अनेक जण नेट, सेट, पीएचडीच आहेत. विद्यापीठाने ज्यांना मोजलं नाही, त्यांना बाजाराने माईक दिला. भाचीलाही एकाने बोलावलं होतं. ती गेली नाही. का, तर तिथे प्रश्न विचारायला वेळ नसतो म्हणे. अशा माणसांमुळेच रिकाम्या जागा इतकी वर्षं रिकाम्या ठेवता येतात, हे मी तिला सांगितलं नाही. जेवत होती.

असो. परवाची गोष्ट सांगतो.

महाविद्यालयांना आता विद्यार्थ्यांकडून अध्यापकांबद्दल अभिप्राय घ्यावे लागतात. मूल्यांकनाला ते लागतात. भाचीच्या महाविद्यालयाने त्यासाठी मोबाइलवरचा फॉर्म केला. विषय निवडा, अध्यापकाचं नाव निवडा, एक ते पाच तारे द्या. नावांची यादी कार्यालयातून आली, आणि कार्यालयाकडे मंजूर जागांचीच जुनी यादी होती. मुलांनी अर्थशास्त्र निवडलं तर खाली एकच नाव उघडायचं. 'इतर' असा पर्याय नव्हता. नाव निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता आणि फॉर्म भरल्याशिवाय परीक्षेचं प्रवेशपत्र निघत नव्हतं. मुलं हुशार. अडलं तिथे जे आहे ते निवडायचं, हे त्यांना प्रवेशाच्या वेळेपासून माहीत आहे.

रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरचे सर. हातात चितळ्यांच्या पेढ्यांचा पुडा आणि छापून आणलेला एक कागद. संगणकाने आपोआप त्यांच्या जुन्या ई-मेलवर पाठवलेलं प्रशस्तिपत्र होतं ते. पाचपैकी ४.६ तारे, महाविद्यालयातले यंदाचे सर्वाधिक लोकप्रिय अध्यापक. खाली मुलांचे निवडक अभिप्राय. 'सर अवघड भाग सोपा करून सांगतात.' 'सर नोट्स वेळेवर देतात.' 'सर कधी रागवत नाहीत.' आणि एक, 'सरांच्या स्कूटरला किक बसत नाही तेव्हा आम्ही मदत करतो.'

सरांनी कधी स्कूटर चालवली नाही. बत्तीस वर्षं पीएमटीने गेले.

भाची नेमकी आमच्याकडेच आली होती. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. हसता हसता स्वयंपाकघरात गेली, जरा वेळाने डोळे पुसत बाहेर आली. सर तोवर खुर्चीत बसले होते. त्यांनी पुड्याची दोरी सोडली, पहिला पेढा तिच्या हातावर ठेवला, चष्मा लावला आणि खिशातून पेन काढलं.

"बस अशी समोर," ते म्हणाले. "आता मला सांग, यंदा मी काय काय शिकवलं?"